वायरचा इअरफोन घेताना आवाज कसा पारखावा? महाड-पोलादपूरच्या ग्राहकांसाठी सविस्तर माहिती

महाड/पोलादपूर : महाडच्या बाजारपेठेत किंवा पोलादपुरात मोबाईलच्या दुकानात गेलं, की वायरचे इअरफोन आजही माळेसारखे टांगलेले दिसतात. ब्लूटूथचे 'बड्स' आले तरी वायर काही गेली नाही. कारणं साधी आहेत. चार्जिंग लागत नाही, पावसात लाईट गेली तरी अडत नाही, एक कान गटारात पडून हरवत नाही आणि शे-दीडशे रुपयांपासून माल मिळतो. स्पर्धा परीक्षेची लेक्चरं ऐकणारी मुलं, पोलीस भरतीची तयारी करणारे, मुंबईला ये-जा करणारे चाकरमानी, संध्याकाळी कीर्तन ऐकणारी म्हातारी माणसं, सगळ्यांच्या खिशात हीच वायर असते.

पण घेताना बघितलं काय जातं? रंग, खोक्यावरचं 'एक्स्ट्रा बास' आणि भाव. आवाज कसा आहे हे घरी गेल्यावर कळतं, आणि तोवर पाकीट फाटलेलं असतं. खरं तर आवाज पारखायला महागडं यंत्र लागत नाही. स्वतःचा फोन, ओळखीची चार ध्वनिमुद्रणं आणि पंधरा मिनिटं पुरतात. सगळ्या परीक्षांचं सार एका प्रश्नात आहे : कमी व्हॉल्यूमवर सगळं नीट कळतंय का? ज्या इअरफोनवर हे जमतं तो चांगला. जो व्हॉल्यूम चढवायला लावतो तो स्वस्त असला तरी महाग पडतो, कारण त्याची किंमत कान मोजतात.

आधी रबर, मग आवाज

कानाच्या नळीत बसणाऱ्या इअरफोनला पुढे रबराची टोपी असते. बहुतेक पाकिटांत लहान, मध्यम आणि मोठा असे तीन जोड येतात. बरेच जण बसवून आलेला मध्यम जोडच वापरतात आणि बाकीचे फेकून देतात. इथेच पहिली चूक होते. रबर आणि कान यांच्यामध्ये फट राहिली की खालच्या पट्टीचा आवाज, म्हणजे बास, बाहेर निसटतो. मग चांगला इअरफोनही पातळ आणि पत्र्यासारखा वाजतो. त्यामुळे रबर नीट बसल्याशिवाय 'याला बासच नाही' असा निकाल देऊ नये.

बसवण्याची पद्धत अशी : उजव्या कानात घालताना डाव्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, इअरफोन हलकेच आत सरकवावा आणि मग पाळी सोडावी. डाव्या कानाला उलट हात. नीट बसलाय का हे तपासायला गाणं लावायची गरज नाही. दोन शब्द बोलून बघावेत. स्वतःचा आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा घुमला, तर फट राहिलेली नाही. एकाच कानात घुमला, तर दुसऱ्या बाजूचं रबर बदलावं. दोन्ही कानांची नळी सारखी नसते, त्यामुळे एका बाजूला मध्यम आणि दुसऱ्या बाजूला मोठं रबर लागलं तर त्यात काही वावगं नाही.

सर्दी झालेली असताना किंवा घाट चढून आल्यावर कानाला दडे बसलेले असताना ही परीक्षा करू नये. तेव्हा कोणताही इअरफोन कोंदटच वाटतो.

खोक्यावरचे आकडे काय सांगतात?

'२० ते २०,००० हर्ट्झ' : माणसाच्या कानाला साधारण एवढ्याच पट्ट्यांमधलं ऐकू येतं, म्हणून हा आकडा जवळपास प्रत्येक खोक्यावर छापलेला असतो. त्या पट्ट्या सारख्या जोराने वाजतात की एक ओरडते आणि दुसरी कुजबुजते, हे तो सांगत नाही. त्यामुळे पारखण्यासाठी त्याचा उपयोग जवळपास नाही.

'१० एमएम ड्रायव्हर' : आत जो छोटा पडदा हलून आवाज करतो, त्याचा हा व्यास. पडदा मोठा म्हणजे आवाज चांगला, असं समीकरण नाही. लहान पडद्याचे उत्तम आणि मोठ्या पडद्याचे भसाडे, दोन्ही मिळतात.

'ओहम' : वायरच्या इअरफोनवर बहुधा १६ किंवा ३२ ओहम लिहिलेलं असतं. साध्या मोबाईलला हे दोन्ही चालतात.

'डीबी' किंवा सेन्सिटिव्हिटी : तेवढ्याच विजेवर इअरफोन किती जोरात वाजेल, हे या आकड्यावरून कळतं. जोरात वाजणं आणि चांगलं वाजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

'एक्स्ट्रा बास' : ही जाहिरात आहे, मोजमाप नाही. बास वाढवलेला असतो हे खरं, पण बऱ्याचदा तो गायकाच्या आणि शिक्षकाच्या आवाजावर चढून बसतो.

ऐकायचं काय आणि कशावरून?

परीक्षा नेहमी स्वतःच्या फोनवर करावी. दुकानदाराच्या फोनमध्ये इक्वलायझर किंवा 'बास बूस्ट' चालू असेल तर फसगत होते. स्वतःच्या फोनमधलंही असलं काही सुरू असेल तर ते आधी बंद करावं.

गाणं चांगल्या दर्जाचं हवं. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा जणांकडून फिरून आलेला व्हिडिओ किंवा मेमरी कार्डात भरून घेतलेली, दाबून लहान केलेली फाईल यांत वरच्या पट्टीचा आवाज आधीच कापला गेलेला असतो. दोष फाईलचा आणि नाव इअरफोनचं, असं होतं. शिमग्यातल्या पालखीचा, खालूबाजाचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओही परीक्षेला घेऊ नये. ढोलाच्या जवळ धरलेला फोनचा माईक रेकॉर्डिंगच्या वेळीच फाटतो. तो फाटका आवाज चांगल्या इअरफोनवर आणखी स्पष्ट फाटका ऐकू येईल.

फोनवरच्या कॉलवरूनही आवाज पारखता येत नाही. साध्या कॉलमध्ये साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो. व्होएलटीईवर 'एचडी' कॉल असेल तर तो ७,००० हर्ट्झपर्यंत जातो. कॉलवर बोलून फक्त माईक तपासावा. समोरच्याला आपलं बोलणं स्पष्ट जातंय का आणि वायर शर्टाला घासली की खरखर पोचते का, एवढंच विचारावं.

ओळखीची वाद्यं हीच मापं

एखादा आवाज खरा कसा असतो हे ज्याला ठाऊक आहे, तोच त्याची नक्कल पारखू शकतो. महाड-पोलादपूरच्या गावागावांत भजन होतं. पखवाज, पेटी आणि टाळ इथल्या माणसाने लहानपणापासून समोर बसून ऐकलेले असतात. त्यामुळे चांगल्या स्टुडिओत मुद्रित झालेलं एखादं भजन ही सर्वांत सोपी कसोटी आहे. त्यात तिन्ही पट्ट्या एकत्र मिळतात.

खालची पट्टी, पखवाज : पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावलेली असते, त्यामुळे त्याचा घुमार खोल येतो. थाप पडली की घुमार उठला पाहिजे आणि पुढच्या थापेआधी विरला पाहिजे. थापा एकमेकींत मिसळून नुसता 'घूं घूं' असा गोळा होत असेल, तर बास जास्त आणि ढिला आहे. थाप टेबलावर बोट आपटल्यासारखी कोरडी वाटली, तर बास कमी आहे किंवा रबर नीट बसलेलं नाही.

मधली पट्टी, पेटी आणि गळा : माणसाचा आवाज मुख्यतः याच पट्टीत असतो, त्यामुळे सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यावं. बुवांचा गळा पेटीच्या पुढे, समोर बसल्यासारखा ऐकू यायला हवा. तो पेटीच्या मागे गेला किंवा घोंगडीतून आल्यासारखा वाटला तर मधली पट्टी दबलेली आहे. शास्त्रीय संगीताची आवड असणाऱ्यांनी पंडित भीमसेन जोशी यांच्या ख्यालाचं एखादं ध्वनिमुद्रण लावावं. त्यांची तान वर चढलेली असतानाही मागचा तानपुरा सलग ऐकू येत राहिला, तर इअरफोन चांगला.

वरची पट्टी, टाळ : टाळ वाजला की आधी धातूचा ठोका आणि मग हळूहळू विरणारा किणकिणाट यावा. नुसता 'छस् छस्' असा आवाज आला, तर वरची पट्टी खडबडीत आहे. ऐकताना दाताला कळ गेल्यासारखं वाटलं, तर ती गरजेपेक्षा जास्त आहे. टाळ जवळपास ऐकूच आला नाही तर ती कमी आहे.

वाद्यं वेगवेगळी कळतात का, हे बघायला भरपूर वाद्यांचं गाणं हवं. 'सैराट' (२०१६) या चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुल यांनी अमेरिकेत मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला होता. अशा गाण्यात व्हायोलिनचा ताफा, ढोल-ताशा आणि गळा एकदमच येतात. चांगल्या इअरफोनवर यातल्या कोणत्याही एकावर लक्ष धरून ठेवता येतं. वाईटावर सगळ्याचा काला होतो.

बोलणं कळतं का? 'चिंच' म्हणून बघा

ज्यांना गाण्यापेक्षा लेक्चर, बातम्या किंवा प्रवचन जास्त ऐकायचं असतं, त्यांच्यासाठी ही परीक्षा सगळ्यात महत्त्वाची. शब्द ओळखू येतो तो व्यंजनांमुळे. स्वरांचा जोर खालच्या आणि मधल्या पट्टीत असतो, पण स, श, च, छ, थ यांचा बराचसा आवाज २,००० हर्ट्झच्या वर असतो. 'स'चा तर ४,००० हर्ट्झच्याही बराच वर जातो.

मराठीत यासाठी आयती कसोटी आहे. आपल्याकडे 'च'चे दोन उच्चार होतात. 'चार' या आकड्यातला च वेगळा आणि गुरांच्या 'चारा'तला वेगळा. 'चिंच' या एकाच शब्दात दोन्ही आहेत, पहिला 'च' जाड आणि शेवटचा दाताला जीभ लावून म्हटलेला. जोडीदाराकडून 'चार, चारा, चिंच, साठ, आठ, शंभर' असे शब्द शांत खोलीत रेकॉर्ड करून घ्यावेत आणि हळू आवाजात ऐकावेत. दोन्ही 'च' वेगळे कळले आणि 'साठ'चा 'आठ' झाला नाही, तर इअरफोन लेक्चरसाठी योग्य आहे. प्रत्येक 'स' सापाच्या फुत्कारासारखा टोचला, तर तासाभराने डोकं दुखेल.

यामागे एक कारण आहे. कानाची नळी उघडी असते तेव्हा ३,००० हर्ट्झच्या आसपासचा आवाज ती नैसर्गिकपणे वाढवते. इअरफोनने नळी बंद केली की ती वाढ बदलते, म्हणून बनवणाऱ्याला तेवढा उठाव इअरफोनमध्येच द्यावा लागतो. तो कमी पडला तर बोलणं कोंदट होतं, जास्त झाला तर चिरकं.

वयानुसार वरच्या पट्टीचं ऐकणं कमी होत जातं. त्यामुळे आजोबांसाठी इअरफोन घ्यायचा असेल तर परीक्षा नातवाने नव्हे, आजोबांनीच करावी.

डावं-उजवं सारखं आहे का?

यासाठी जुनी मोनो गाणी उपयोगी पडतात. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५ मध्ये सुरू झालेल्या 'गीतरामायणा'चं त्या काळचं ध्वनिमुद्रण किंवा ब्लॅक अँड व्हाईट जमान्यातल्या चित्रपटांची मूळ गाणी मोनो आहेत, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येतो. असं गाणं लावल्यावर गळा बरोबर डोक्याच्या मधोमध वाटला पाहिजे. तो एका बाजूला सरकला तर दोन्ही बाजू सारख्या वाजत नाहीत. गळा कुठे आहे तेच कळत नाही, डोक्याभोवती पसरल्यासारखा वाटतो, असं असेल तर एका बाजूची तार आत उलटी जोडलेली असू शकते. अशा वेळी बासही पोकळ लागतो. 'झंकार बीट्स' घातलेली आवृत्ती या कामाला घेऊ नये.

गळा एका बाजूला वाटला तर लगेच इअरफोनला दोष देऊ नये. डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्या कानात घालून बघावा. कमी ऐकू येणारी बाजू इअरफोनबरोबर सरकली, तर दोष इअरफोनचा. बाजू सरकली नाही, त्याच कानाला कमी ऐकू येत राहिलं, तर दोष कानाचा आहे. कदाचित नुसता मळ असेल, कदाचित आणखी काही. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवून घ्यावं.

दोन इअरफोनची तुलना करताना

दोनांतला एक थोडासा जरी जोरात वाजत असला तरी माणसाला तोच चांगला वाटतो. हा कानाचा स्वभाव आहे. हळू आवाजात कानाला बास आणि टाळ दोन्ही कमी जाणवतात. व्हॉल्यूम वाढला की तेच भरीव वाटू लागतं. फ्लेचर आणि मनसन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं. म्हणून तुलना करण्याआधी दोन्हींचा आवाज सारखा करून घ्यावा. एकच बातमीपत्र लावून निवेदकाचं बोलणं दोन्हींवर सारख्याच जोराने येईल, असा प्रत्येकाचा व्हॉल्यूम ठरवावा आणि त्याच व्हॉल्यूमवर गाणी ऐकावीत.

किंमत आणि नाव माहीत असलं की मनही बाजू घेतं. घरी दोन इअरफोन असतील तर डोळे मिटून दुसऱ्याला बदलून द्यायला सांगावं. बसण्यातला फरक कळू नये म्हणून शक्यतो सारखीच रबरं लावावीत. दहापैकी नऊ वेळा बरोबर ओळखता आलं तर फरक खरा. पाच-सहा वेळा ओळखलं तर तो नुसता अंदाज समजावा.

'आधी पन्नास तास वाजवा, मग आवाज खुलतो' असंही सांगितलं जातं. पडद्यात त्याने ऐकू येण्याजोगा फरक पडेल ही शक्यता फार कमी असते. बदलतो तो बहुतेक वेळा कान, त्याला त्या आवाजाची सवय होते. पहिल्या दिवशी कर्कश वाटलेला इअरफोन त्या आशेवर ठेवून घेऊ नये.

आवाजाला नाव द्या

दुकानात 'जमत नाही' एवढंच म्हटलं तर दुसरा तसलाच पुढे येतो. काय जमत नाही ते सांगता आलं पाहिजे. त्यासाठी आपल्या भाषेत शब्दांना तोटा नाही.

- कोंदट : मधली-वरची पट्टी दबलेली. बोलणं रजईतून आल्यासारखं.
- घुमणारा : बास जास्त आणि ढिला. ठोक्याला शेवट नाही.
- पातळ : बास कमी. आधी रबर तपासावं.
- चिरका : ३,००० हर्ट्झच्या आसपास जास्त. बायकांचा वरचा सूर आणि सनई टोचते.
- सिसकारणारा : त्याहून वरची पट्टी जास्त. प्रत्येक 'स' आणि टाळ चरचरतो.
- फाटका : व्हॉल्यूम वाढवला की थरथर, खरखर. पडदा हलका किंवा सैल आहे. मध्यम आवाजातच फाटत असेल तर घेऊ नये.
- मोकळा, भरीव : वाद्यं सुटी, गळा पुढे, काही टोचत नाही. हाच हवा.

महाग म्हणजे चांगला का?

प्रयोगशाळेत इअरफोन मोजण्यासाठी माणसाच्या कानाच्या नळीसारखी धातूची पोकळी वापरतात. तिचं आंतरराष्ट्रीय मानक आयईसी ६०३१८-४ या क्रमांकाने ओळखलं जातं. त्यात इअरफोन बसवून प्रत्येक पट्टी किती जोराने वाजते, याचा आलेख काढतात. हर्मन या कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक श्रोत्यांना वेगवेगळे आवाज ऐकवून पसंती नोंदवली. बहुतेकांची आवड बरीच सारखी निघाली : गळा नैसर्गिक, बास थोडा उचललेला, वरची पट्टी न टोचणारी.

२०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनची मोजमापं त्यांच्या किमतींशी ताडून पाहिली. किंमत आणि पट्ट्यांचा समतोल यांचा संबंध त्यांना आढळला नाही. महाग वस्तूत वायर टिकाऊ असेल, पिन मजबूत असेल, पण आवाज आपोआप चांगला होत नाही. चारशेचा इअरफोन दोन हजारांच्या इअरफोनपेक्षा बरा वाजणं शक्य आहे. म्हणून भाव बघण्याआधी ऐकून बघावं.

खरी परीक्षा एसटीत

दुकानात छान वाटलेला इअरफोन एसटीत बसलं की फिका पडतो. आंबेनळी घाट चढताना किंवा वीर स्टेशनवरून सुटलेल्या गाडीत इंजिनाची आणि चाकांची घरघर खालच्या पट्टीत असते, ती गाण्यातला बास झाकून टाकते. मग माणूस व्हॉल्यूम वाढवतो. उतरल्यावर तोच व्हॉल्यूम तसाच राहतो आणि नुकसानीला सुरुवात होते.

जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा अशी : मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकला तर चालतो. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ डेसिबलला २० तास, ९० डेसिबलला फक्त ४ तास आणि १०० डेसिबलला आठवड्याला २० मिनिटं. लहान मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलवरच आहे.

आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या बारीक केसांसारख्या पेशी असतात. त्या मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, त्यावर औषध नाही. मोठ्या आवाजाने होणारं नुकसान बहुधा ४,००० हर्ट्झच्या आसपास सुरू होतं, म्हणजे 'चिंच' आणि 'साठ' ओळखायला लागणाऱ्या पट्टीतच. अशा माणसाला ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत. रात्री शांततेत कानात शिट्टी किंवा किडा वाजल्यासारखं होणं ही आधीची सूचना असते.

महाड एमआयडीसीत गोंगाटाच्या खात्यात पाळी करणाऱ्यांनी दुप्पट काळजी घ्यावी. कारखान्यातला आवाज आणि घरी जाताना कानात वाजणारं गाणं, कान दोन्हींची बेरीज करतो. मशीनवर कानाला लावायच्या प्लगऐवजी इअरफोन घालून गाणी ऐकणं हा उपाय नव्हे. त्याने आवाजावर आवाज चढतो.

यावर उपाय पुन्हा रबराचाच. नीट बसलेलं रबर बाहेरची घरघर बरीच अडवतं, मग कमी व्हॉल्यूमवर भागतं. व्हॉल्यूम शक्यतो ६० टक्क्यांच्या आत असावा. मात्र बाहेरचं ऐकू न येणं रस्त्यावर घातक ठरतं. महामार्गाच्या कडेने चालताना, रस्ता ओलांडताना आणि दुचाकीवर इअरफोन कानात नकोच.

बिघाड की खराब आवाज?

- गाणं वाजतंय पण गायकाचा गळाच गायब : पिन पूर्ण आत गेलेली नाही किंवा दोन्ही बाजूंची सामाईक तार तुटली आहे. अशा वेळी दोन्ही बाजूंना जे सारखं असतं, म्हणजे गळा, तेच एकमेकांना खोडतं. पिन नीट दाबून बघावी.
- एका बाजूचा आवाज महिन्याभरात कमी झाला : जाळीवर मळ बसला असण्याची शक्यता जास्त. रबर काढून कोमट साबणाच्या पाण्यात धुवावं, पूर्ण वाळवावं. जाळी खाली तोंड करून कोरड्या मऊ ब्रशने झाडावी. टाचणी खुपसू नये.
- पावसाळ्यात खरखर : पिनेवर ओल किंवा गंज. कोरड्या कापडाने पुसावी. ठेवताना डबीत सिलिका जेलची पुडी टाकावी.
- वायर हलवली की आवाज येतो-जातो : पिनेच्या मानेजवळ तार तुटली आहे. घेताना तिथलं रबर जाड आणि लवचीक आहे ना, हे बघावं.
- टाइप-सी पिनेचा इअरफोन फोनवर वाजतच नाही : काहींच्या पिनेत आवाज तयार करणारी चिप असते, काहींत नसते. चिप नसलेला सगळ्या फोनवर चालत नाही. स्वतःच्या फोनला लावूनच घ्यावा.

बिल आणि पाकीट

पाकिटावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादक किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क असणं कायद्याने बंधनकारक आहे. नावाजलेल्या कंपनीचं नाव आहे पण यातलं काहीच नाही, किंवा नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडचं तिकडे आहे, तर माल नकली समजावा. पाकीट फोडून ऐकू देत नसतील तर पैसे दिल्यावर काउंटरवरच, दुकानदारासमोर लावून बघावं. बिल घ्यावंच, कारण बिलाशिवाय बदलून मागणं अवघड जातं. तक्रार ऐकली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

दुकानातली पंधरा मिनिटं : थोडक्यात

१. घरून निघताना फोनमध्ये चार गोष्टी भरून न्याव्यात : एक चांगलं भजन, एक जुनं मोनो गाणं, एक भरपूर वाद्यांचं गाणं आणि 'चार, चारा, चिंच'चं रेकॉर्डिंग.
२. इक्वलायझर बंद. नमुन्याचा इअरफोन असेल तर आधी पुसून घ्यावा.
३. रबर बसवून स्वतःचं बोलणं घुमतंय का बघावं.
४. मोनो गाण्यावर डावं-उजवं तपासावं.
५. भजनावर पखवाज, गळा, टाळ या क्रमाने एकेकावर लक्ष द्यावं.
६. वाद्यवृंदाच्या गाण्यावर वाद्यं सुटी कळतात का बघावं, आणि क्षणभर व्हॉल्यूम थोडा वाढवून फाटतो का तेही.
७. शेवटी व्हॉल्यूम ३० टक्क्यांवर आणून शब्दांचं रेकॉर्डिंग ऐकावं. दुकानाबाहेर रहदारी चालू असतानाही शब्द कळले, तर तोच इअरफोन घ्यावा.